दोन फोनांची उलटतपासणी

स्योम्बुआला नवा फोन घ्यायचाय, ही बातमी मचाकोस गावाच्या अर्ध्या बाजाराला दोनच दिवसांत कळली होती. कळणारच, कारण तिने अर्ध्या बाजाराला विचारलं होतं. आयफोन बरा की अँड्रॉइड? चर्चचे पाद्रीबाबा म्हणाले आयफोन. त्यांना मुलीने परदेशातून पाठवला होता. बसचा कंडक्टर म्हणाला अँड्रॉइड. त्याचा तीनदा बसखाली गेला होता आणि तरी चालत होता. चहावाली म्हणाली, फोन कुठलाही घ्या, पण कव्हर चांगलं घ्या. स्योम्बुआने सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकणं हाच तिचा धंदा होता. जन्मापासून आंधळी असलेली ही बाई एकतीस वर्षं जिल्हा कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर बसली होती. समोरच्याने नुसतं "हॅलो" म्हटलं की तो खरं बोलणार की खोटं हे तिला कळतं, अशी तिची ख्याती होती. ही ख्याती थोडीफार तिनेच पसरवली होती, पण ते जाऊ द्या.

फोन कशासाठी हवाय, हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

कारणाचं नाव होतं न्झिओकी मास्तर. अंधशाळेत तो तिच्या दोन वर्षं पुढे होता, मग तिथेच इंग्रजी शिकवायला राहिला, आणि आता किटुईकडे गावी मधमाश्या पाळत होता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. अलीकडे त्याचे कानही गेले, त्यामुळे फोनवर बोलणं संपलं. त्याच्या फोनला ब्रेलचं एक यंत्र जोडलेलं होतं. आलेला निरोप त्यावर ठिपक्यांनी उमटायचा आणि तो बोटांनी वाचायचा. दीड वर्षापासून दर आठवड्याला तो स्योम्बुआला निरोप पाठवत होता.

पण स्योम्बुआचा फोन होता जुना, बटणांचा. तो वाजायचा, बोलायचा नाही. म्हणून निरोप वाचून दाखवायची तिची भावजय कालेक्ये, आणि स्योम्बुआ सांगेल ते उत्तर टाइप करायचीही तीच. स्योम्बुआचा भाऊ मुथामा वारल्यापासून या दोघी एका घरात राहत होत्या. नणंद-भावजय म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच, पण भांडी एकाच फळीवर होती.

गेल्या सोमवारी कालेक्येने वाचून दाखवलं होतं, "पाऊस नाही. मधमाश्या ठीक. माझ्या ओट्यावर दोन खुर्च्या आहेत, त्यातली एक तुझी वाट बघते. शनिवारी ये. कायमची आलीस तरी चालेल. न्झिओकी."

स्योम्बुआला त्या रात्री जेवण गेलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी असं बोलवावं! जावं, असं तिच्या मनाने तिथेच ठरवलंही होतं. पण बोर्डावर बसलेला कान गप्प बसेना. अशा गोड ओळींच्या आधी कालेक्ये जराशी थांबायची. का थांबते? काहीतरी गाळते, दुसरं काय! मास्तर काही अडचणीचं लिहीत असेल आणि ही ते पोटात ठेवत असेल. आपण कायमच्या गेलो तर ही एकटी पडणार. मग ही सगळं कशाला सांगेल? घर सोडायचं ते दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या शब्दांवर सोडायचं नाही, स्वतःच्या कानाने ऐकायचं, हे तिने पक्कं केलं. शनिवारला दोन दिवस उरले होते.

गुरुवारी सकाळी कालेक्येने तिला बसस्टँडजवळच्या न्दिंडाच्या दुकानात आणलं.

"तू बाहेर बाकावर बस," स्योम्बुआ म्हणाली. "गरम तळलेल्या मांदाझी खा."

"मला आत बसून खाता येतात, वन्सं."

"येतात. पण बाहेर वारा आहे."

कालेक्ये बाहेर जाऊन बसली. दुकानवाली न्दिंडा तिशीची, तोंडाची फटाकडी. तिने काउंटरवर दोन फोन ठेवले. "हा अँड्रॉइड, नवा कोरा. हा आयफोन, वापरलेला, पण अंगावर ओरखडा नाही. दोन्ही बोलतात, म्वाइतू." इथले कांबा लोक आईला म्वाइतू म्हणतात, आणि न्दिंडा गिऱ्हाईक पन्नाशीपुढचं दिसलं की लगेच लेक होऊन जायची.

"कसे बोलतात ते मी बघते. तू मध्ये बोलू नकोस."

स्योम्बुआने आधी अँड्रॉइड हातात घेतला. काचेवर बोट ठेवलं की तो तिथे काय आहे ते सांगायचा, बोट सरकवलं की पुढचं सांगायचा, दोनदा टिचकी मारली की उघडायचा. मग आयफोन घेतला. तोही तसाच.

"म्हणजे दोघांची शाळा एकच?"

"छे हो, दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. माझ्या दुकानात गिऱ्हाईकं यावरून हातघाईवर येतात."

"मग फरक सांग."

"याच्यात असं करा," न्दिंडाने तिची दोन बोटं आयफोनच्या काचेवर ठेवली आणि गोल फिरवली. फोन प्रत्येक वळणाला वेगळं काही बोलला: शब्द, ओळी, वेग.

"अगं, हे तर जुन्या रेडिओचं बटण!" स्योम्बुआ इतकी खूश झाली की तिने ते बटण नसलेल्या जागी वीसेक वेळा फिरवलं. "आणि आवाज? हीच एक बाई आहे का आत?"

आत बरीच माणसं होती. कोणी आयरिश, कोणी ऑस्ट्रेलियन, कोणी भारतीय. स्योम्बुआने एकेकाला बोलायला लावलं आणि बोटांवर मोजलं. "अकरा! एवढी माणसं एका डबीत राहतात आणि भांडत नाहीत?" पण त्या वापरलेल्या फोनात स्वाहिली येणारं कोणी भरलेलं नव्हतं. पाणीखात्याची स्वाहिली नोटीस त्यातल्या गृहस्थाने अशी वाचली, की वाटावं, कालच विमानातून उतरलेला नवा पाद्री प्रवचन करतोय. अँड्रॉइडमधली बाई मात्र तीच नोटीस घडाघडा बोलली, जणू स्वाहिलीच्या मुलखात, मोम्बासाला, माहेर असावं तशी.

"बॅटरी?" "किती वर्षं नवं शिकत राहतो?" "पडला तर?" "दोन सिमकार्डं बसतात?" प्रश्न संपेनात. न्दिंडा उत्तरं देऊन दमली, स्योम्बुआ विचारून दमली नाही. तिला खरोखरच मजा येत होती. शेवटी तिने आवाज खाली आणून विचारलं, "आणि मी वाचत असताना शेजारच्याने डोकावलं तर?"

"दोन्हींत पडदा काळा करता येतो. तुम्ही कानात हेडफोन घालून ऐकायचं. शेजारच्याला काळंकुट्ट दिसेल."

"हं," स्योम्बुआ म्हणाली. तिने पिशवीतून आपला जुना फोन काढला. "याच्यातला सगळ्यात शेवटचा निरोप तुझ्या या दोन्ही फोनांवर पाठव. जसाच्या तसा. आणि वाचायचा नाही."

"शप्पथ नाही वाचत."

"शपथ घेणाऱ्यांचे फोन मी एकतीस वर्षं जोडून दिलेत. डोळे मिटून पाठव."

न्दिंडाने डोळे काही मिटले नाहीत, पण तोंड मिटलं. निरोप गेले. स्योम्बुआने अँड्रॉइडचा हेडफोन कानात घातला. निरोप इंग्रजीत होता. बाई सरळ, कोरड्या सुरात वाचू लागली. "पाऊस नाही. मधमाश्या ठीक. शनिवारी ये. कायमची आलीस तरी चालेल. न्झिओकी."

स्योम्बुआने पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच.

"हा फोन आळशी आहे," तिने जाहीर केलं. "ओळ गाळतो."

"काय बोलता, म्वाइतू! फोन कसा ओळ गाळेल?"

"खुर्च्यांची ओळ होती. गिळली याने. बघा, स्वाहिली गोड बोलते म्हणून मी भुलले होते. दे तो दुसरा."

आयफोनमधल्या आयरिश गृहस्थाने घसा न खाकरता वाचलं. "पाऊस नाही. मधमाश्या ठीक. शनिवारी ये. कायमची आलीस तरी चालेल. न्झिओकी." खुर्च्या याच्याकडेही नव्हत्या.

बोर्डावर असताना स्योम्बुआचा एक नियम होता: बातमी खरी की खोटी कळेना, तर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांना वेगवेगळं विचारायचं. दोघांनी एकच सांगितलं तर ते खरं. आता विळा आणि भोपळा दोन्ही एकच सांगत होते. म्हणजे ओळ गाळली कोणीच नव्हती. ओळ घातली होती. आणि घालणारी बाहेर बाकावर मांदाझी खात बसली होती.

तिला आधी राग आला, मग लाज वाटली. दीड वर्ष ती ज्या ओळींवर जगली, त्या कोणाच्या होत्या?

"कालेक्ये!"

कालेक्ये आत आली. काउंटरवरचे फोन आणि नणंदेचा चेहरा बघून तिला काय ते कळलं.

"खुर्च्या कुणाच्या?" स्योम्बुआने विचारलं.

"माझ्या," कालेक्ये म्हणाली. पहिल्यांदाच ती मध्ये थांबली नाही.

"आणि आधीच्या निरोपातलं पेरूच्या झाडाखालचं? आणि माझा आवाज अजून आठवतो म्हणाला होता, ते?"

"तेही माझंच. मास्तर किती कोरडं लिहितात, वन्सं! पाऊस नाही, मधमाश्या ठीक. पहिला निरोप मी होता तसा वाचला, तर तुमचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्यात मी थोडा मध घातला. मग सवय लागली."

"सवय! दुसऱ्याच्या ताटात मध घालायची सवय?"

"तुमच्या उत्तरांतही घातला," कालेक्ये म्हणाली. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं असावं. "तुम्ही सांगायचात, 'ठीक आहे, गुडघा दुखतो.' मी लिहिलं, 'तुझा निरोप आला की गुडघा दुखायचा थांबतो.'"

न्दिंडाला खोकल्याची उबळ आली. स्योम्बुआने तिच्याकडे मान वळवली तशी उबळ थांबली.

"माझ्या गुडघ्याचंही सोडलं नाहीस! का केलंस हे?"

"मुथामाने मला उभ्या जन्मात दोन गोड शब्द लिहिले नाहीत. मला लिहिता येत होतं, पण लिहिणार कोणाला? इथे तुम्हा दोघांच्या मध्ये बसून लिहायला मिळालं. फार बरं वाटायचं मला." कालेक्येचा आवाज ओला झाला. "चुकलंच माझं."

"मला वाटलं तू गाळतेस," स्योम्बुआ हळू म्हणाली. "मी गेले तर तू एकटी पडशील, म्हणून."

"कायमची ये म्हणालेत, ती ओळ गाळावी असं आलं होतं मनात. तासभर फोन हातात घेऊन बसले होते. पण घालणं वेगळं, गाळणं वेगळं. गाळलं मी कधीच काही नाही, वन्सं."

त्या आवाजात खोट नव्हती. जिच्यावर पाळत ठेवायला स्योम्बुआ तीन दिवस बाजार पालथा घालत होती, तिने स्वतःचं घर रिकामं करणारी ओळ अक्षरही न खाता वाचून दाखवली होती.

पण मास्तरचं काय? त्याने बोलावलं ते कोणाला? गुडघा बरा होणाऱ्या बाईला. ती बाई जगात नव्हती, आणि शनिवारी तिच्याऐवजी भलतीच बाई त्याच्या स्टॉपवर उतरणार होती.

"न्दिंडा, माझं सिमकार्ड त्या मोम्बासावालीत घाल. मला घरात अकरा माणसं नकोत, सरळ बोलणारी एक पुरे. आणि यात लिहायचं कसं? एकेक अक्षर शोधत बसले तर शनिवार उजाडेल."

"ब्रेल येतं ना तुम्हाला? मग फोन असा उलटा धरा, काच बाहेरच्या बाजूला. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर."

सहा बोटं, सहा ठिपके. शाळेतल्या लोखंडी ब्रेल मशीनच्याही सहाच कळा होत्या. स्योम्बुआची बोटं क्षणभर चाचपडली आणि मग त्यांना वाट आठवली. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाच्याही तोंडाशिवाय निरोप लिहीत होती. तिने लिहिलं, "गोड ओळी माझ्या नव्हत्या. माझ्या भावजयीच्या होत्या. तुझ्या म्हणून वाचलेल्याही तिच्याच. माझा गुडघा दुखतो आणि मी कोरडीच आहे. अजून ये म्हणतोस का? स्योम्बुआ."

पाठवल्यावर मग ती हात मांडीवर ठेवून बसली. बोर्डावर लोक असे लाइन लागायची वाट बघत ताटकळायचे तेव्हा ती त्यांना "थांबा" म्हणायची, किती सहज म्हणायची! न्दिंडाने चहा मागवला. तो कोणी प्यायलं नाही.

फोन थरथरला. पडदा काळा होता, हेडफोन तिच्या कानात होता. कालेक्येला फक्त नणंदेचा चेहरा दिसत होता, आणि त्यावरून काही कळत नव्हतं.

"काय म्हणतात? नको म्हणाले?"

स्योम्बुआने सावकाश सांगितलं, "'ठाऊक होतं. एक ओळ तू लिहायचीस, दुसरी दुसरंच कोणीतरी. बोटांना कळतं. पण त्या ओळी आल्या नाहीत तर आठवडा जात नाही. दोघी या. खोल्या तीन आहेत. न्झिओकी.'"

कालेक्येने डोळे पुसले. मग तिने संशयाने विचारलं, "यातलं तुमचं किती, वन्सं?"

स्योम्बुआने आपल्या कानातला हेडफोन काढला, चाचपडत भावजयीचा कान शोधला आणि त्यात घातला.

"ऐक," ती म्हणाली.