मुलींच्या संडासाचं टाळं

माझी पोर रोज पाण्याची बाटली भरलेलीच घरी आणायची. तिसरीतली पोर, दिवसभर घोटभर पाणी नाही. का, तर शाळेच्या संडासात पाय ठेववत नाही. महिन्यात दोनदा लघवीची जळजळ झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं. मी प्लंबर. सगळ्या गावाची घाण उपसतो आणि माझ्याच पोरीवर ही पाळी.

गेलो पालकसभेला. तासभर चर्चा कशावर, तर फाटकावरच्या कमानीला रंग कोणता द्यायचा. शिसारी आली. उठून म्हणालो, मुलींचा संडास मी दुरुस्त करतो, मजुरी नको, सामान तेवढं द्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मदतीला कोण येतंय म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी माना खाली घालून मोबाइल काढले.

दोन रविवार एकटा राबलो. आतून काय काय निघालं ते सांगत नाही, तुम्ही जेवायचे असाल. तुंबलेला पाइप मोकळा केला, नवं भांडं बसवलं, टाकीपासून नळ ओढला, दाराला आतून कडी लावली. घरी बायको मला दारातूनच थेट मोरीत पिटाळायची.

मग उद्घाटन. पालकसंघाच्या अध्यक्षीणबाईंनी फीत कापली. संडासाची फीत, बोला आता! फोटोत मी कडेला, तोही अर्धाच. मला गुच्छ दिला, कुणीतरी पाठ थोपटत होतं. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी तपासणी, पाहुणे, असं काहीतरी म्हणून सगळ्यांची संमती विचारली. भराभर हात वर झाले. मी अर्धवट ऐकलं आणि माझाही हात वर गेला.

सोमवारी बाटली पुन्हा भरलेली. आता काय झालं, म्हणून विचारलं. पोरगी बुटाची नाडी सोडत होती.

"टाळं लावलंय बाबा. तपासणीचे पाहुणे येईपर्यंत घाण व्हायला नको म्हणून. आमच्या बाई म्हणाल्या, पालकांनीच ठरवलंय." मग मान वर करून म्हणाली, "तू पण हात वर केलास म्हणे."

दोन रविवार त्या घाणीत कोपरापर्यंत हात घातले तेव्हाही किळस आली नव्हती. आता त्या सगळ्यांची वाटलीच, पण त्या वर गेलेल्या हाताची जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी पोरीला सोडायला गेलो तो लोखंड कापायची करवत घेऊनच. अध्यक्षीणबाई धावत आल्या. ठराव एकमताने झालाय, असं तुम्ही एकट्याने कसं मोडता, म्हणाल्या.

"माझं मत मी परत घेतलं," म्हणालो आणि टाळ्याला करवत लावली.

पोरगी मागे बाटलीचं झाकण उघडून उभी होती. टाळं खाली पडेपर्यंत तिने एक घोटही घेतला नाही.