नाताळची हजेरी

पाळकसाहेबांची श्रद्धा दोघांवर होती, देवावर आणि वहीवर. आणि त्यांच्या बायकोच्या मते वहीचं पारडं किंचित जड होतं. देव निदान चुकलेल्याला माफ करतो. मिशनच्या कामाला परमुलखात येऊन तिसरं वर्ष लागलं, तरी भक्तीला येणाऱ्या प्रत्येकाला दारातल्या टेबलाशी थांबून नाव, वय, पत्ता आणि सही दिल्याशिवाय आतली खुर्ची मिळत नसे.

"अहो, माणसं प्रार्थनेला येतात, पासपोर्ट काढायला नाही," पाळकीणबाई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या.

"मायदेशातलं मिशनचं कार्यालय आकडा मागतं. मी काय हवेतून काढू?"

यंदा कार्यालयाने आकडाच ठरवून कळवला. नाताळच्या भक्तीला वहीत चाळीस नावं नसतील, तर मार्चअखेर काम बंद करून परत या. पत्र वाचून साहेबांचं जेवण दोन दिवस सुटलं. बाईंनीही तोंड पाडलं. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि कॅलेंडरवर बोट फिरवू लागल्या. मायदेशी लेकीचे दिवस एप्रिलमध्ये भरत होते. पहिलटकरीण. असा जुळलेला हिशेब बाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

भक्तीची खोली एका मोठ्या लॉन्ड्रीच्या वर होती. खाली तीसपस्तीस माणसं दिवसभर वाफेच्या इस्त्र्या ओढत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या दणकट बाईला हे नवराबायको आपसांत 'मुकादमीण' म्हणत. त्या पत्रानंतर आठवड्याभरात मुकादमिणीने जिन्यात बाईंना गाठलं होतं.

"तुमचं गाणं खाली ऐकू येतं, गोड असतं. यावंसं वाटतं हो. पण तुमचा नवरा नावं लिहून घेतो. आम्ही आधी जिथे होतो तिथे मालकाने अशीच यादी केली, आणि यादीतले सगळे महिन्याभरात नोकरी जाऊन घरी बसले. तेव्हापासून आमच्यातलं कुणी कागदावर नाव देत नाही."

बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं नाही. खोटं त्या बोलल्या नाहीत. फक्त बोलल्या नाहीत. या दोन्हींतला फरक पाळकाच्या बायकोला बरोबर ठाऊक असतो, आणि त्या फरकापायी किती झोप उडते तेही.

या गावी नाताळची सुट्टी नसे. म्हणून साहेबांनी शक्कल लढवली: भक्ती साडेबाराला, खालच्यांच्या पाऊण तासाच्या जेवणाच्या सुट्टीत, वीस मिनिटांत आटोपणारी. खोलीत बावीस खुर्च्या होत्या, आणखी अठरा शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडून मागून आणल्या. खिडकीत कागदी चांदणी लागली. बाईंनी दोन केक भाजले. टेबलावर वही उघडी, शेजारी नवं पेन.

साडेबाराची घंटा झाली तेव्हा खुर्चीत एकच जण होता, कोपऱ्यावरचा घड्याळजी. तो दर आठवड्याला येई आणि अशी झोकदार सही ठोके, की हा सहीसाठीच येतो असा बाईंना दाट संशय होता.

मग लाकडी जिना वाजू लागला. एक नाही, दहाबारा पावलं. साहेबांनी कोट सारखा केला, चेहऱ्यावर हसू आणलं. जिन्याच्या वळणावरून टेबल दिसायचं. पावलं तिथे थांबली. कुजबुज झाली. पावलं खाली गेली. थोड्या वेळाने आणखी आली, आणखी गेली.

"वाट चुकले असतील," साहेब म्हणाले.

"जिना एकच आहे हो."

साहेब चिडले असते, तर बाईंनी गुपित गिळून टाकलं असतं. पण त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले आणि हळूच म्हणाले, "माझी भाषाच कच्ची. तीन वर्षांत नीट बोलायला शिकलो नाही. लोक तरी कशाला येतील?"

हा माणूस पंधरा दिवस आरशासमोर प्रवचन घोकत होता.

"तुमच्या भाषेला काही झालेलं नाही. माणसं वहीला भितात." आणि मुकादमिणीने सांगितलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"दोन महिने."

"मग बोलली का नाहीस?"

"लेकीचं बाळंतपण."

घड्याळजीला यांची भाषा समजत नव्हती, पण भांडण सगळ्या भाषांत सारखंच दिसतं. तो त्याच्या भाषेत अदबीने म्हणाला, "सुट्टीची एकोणतीस मिनिटं उरलीत."

साहेबांनी वही मिटून काखेत मारली. "केक घे. आपणच खाली जाऊ."

खाली डबे उघडले होते. इस्त्र्या उभ्या करून ठेवलेल्या, हवेत वाफ, तारेवर परक्यांचे पांढरेशुभ्र शर्ट. साहेबांनी घोकलेलं प्रवचन सोडून दिलं. गोठ्यात जन्मलेल्या बाळाची आणि त्याच्या दमलेल्या आईबापांची गोष्ट पाच मिनिटांत सांगितली. व्याकरण दोनदा घसरलं, कुणी हसलं नाही. बाईंनी गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला मुकादमिणीने असा सूर लावला, की बाई क्षणभर आपलाच शब्द विसरल्या. इस्त्रीच्या टेबलावर केक कापला गेला.

"पुढच्या वर्षीही इथेच या," मुकादमीण तोंडातला घास सांभाळत म्हणाली.

साहेब जमिनीकडे बघू लागले. ते सांगणार नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. आपणही गप्प राहायचं, की मार्च आलाच.

"पुढच्या वर्षी आम्ही नसू," त्या म्हणाल्या, आणि चाळीस नावांची भानगड सांगितली.

मुकादमीण आधी थक्क झाली, मग खो खो हसत सुटली. "ऐका रे! आपल्या नोकऱ्या यादीत नावं होती म्हणून गेल्या. यांची नोकरी नावं नाहीत म्हणून जातेय!" सगळा इस्त्रीखाना हसला. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "ही वही वाचतं कोण?"

"कार्यालयातला एक म्हातारा कारकून," साहेब म्हणाले. "त्याला तुमचं नाव उच्चारताही येणार नाही."

"इथल्या कुणाला दाखवणार?"

"नाही."

"पत्ता लिहिणार नाही. वय तर मेले तरी नाही."

"दोन्ही रकाने कोरे ठेवा," साहेब म्हणाले. वहीचा एखादा रकाना ते आपणहून सोडत आहेत, हे बाई प्रथमच पाहत होत्या.

मुकादमिणीने हात स्वतःच्या नव्हे, शेजारच्याच्या अॅप्रनला पुसले आणि सही केली. काहीजण डबा आवरून बाजूला झाले. त्यांना कुणी हाक मारली नाही. बाकीचे रांगेत उभे राहिले. घंटा झाली तेव्हा पेन अजून फिरत होतं.

वर आल्यावर साहेबांनी दोनदा मोजलं. घड्याळजी धरून एकतीस.

"नऊ कमी," बाई म्हणाल्या.

"एकतीसच लिहीन. आणि ही नावं कशी मिळाली तेही लिहीन, सविस्तर. एक वर्ष मागतो. वाचून नाही म्हणायला छाती लागेल." मग वर न बघता म्हणाले, "आणि लेकीचं काय?"

"एप्रिलमध्ये मी जाणार. दोन महिने. तुमचं तुम्ही शिजवा."

"आणि रविवारचं गाणं?"

"मुकादमीण आहे की. सूर माझ्याहून पक्का आहे तिचा. फक्त टेबल दारातून हलवा."

साहेब उठले आणि टेबलाचं एक टोक धरून थांबले. दुसरं टोक बाईंनी उचललं.