आईंचं बॉलिंग

आमच्या घरी व्हिडिओ गेमवरून भांडण झालं ते माझ्यात आणि माझ्या दिरात. खेळणारी मात्र होती सत्तरीला टेकलेली बाई, माझ्या सासूबाई, वत्सलाबाई.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जन्मभर मखमलाबादच्या मळ्यात झेंडू खुडून हार करणारा हात. फिजिओथेरपीच्या स्नेहा मॅडम घरी येऊन चेंडू दाबायला सांगायच्या आणि आई चेंडू बाजूला ठेवून त्यांनाच चहाचा आग्रह करायच्या. शेवटी मॅडमनीच विचारलं, रिमोट हातात धरून खेळायचा जुना कन्सोल कुणाकडे आहे का? दिनेश भाऊजींचा कॉलेजातला कन्सोल माळ्यावर पडून होता. रिमोट आईंच्या मनगटाला दोरीनं अडकवला, टीव्हीवर चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायचं बॉलिंग लावलं आणि काय सांगू! हात हलवा म्हटलं की जिला झोप यायची ती बाई "आता समदे पाडते" म्हणत खांद्यापासून हात फिरवायला लागली. बोटांत मात्र जोर नव्हता. अंगठ्या-बोटाची चिमूट सगळ्यात शेवटी येते, कधीकधी येतही नाही, असं मॅडम म्हणायच्या.

दसरा झाला आणि कन्सोलनं डिस्क वाचणं बंद केलं. डिस्क घातली की खर्रर्र आवाज करून बाहेर फेकायचा. आईंनी मग दुसरा कुठलाच व्यायाम करायला साफ नकार दिला. हात पुन्हा मांडीवर पडून राहिला, खांदा आखडला. असंच चाललं तर कमावलेलं सगळं जाईल, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. एवढा जुना कन्सोल दुरुस्त करायला मात्र कुणी तयार होईना.

डिस्कशिवाय गेम चालवायचा तर कन्सोलच्या सॉफ्टवेअरमध्येच शिरायला हवं. ते जमलं की गेम पेनड्राइव्हवरून चालतो. भाऊजींच्या मालेगावच्या मित्राकडे, लखनकडे, असाच चालू कन्सोल होता, पण तो त्याच्या घरी रोज लागायचा. त्यानं आम्ही पाठवलेल्या डिस्कची कॉपी करून पेनड्राइव्ह पाठवला. प्रश्न एवढाच होता, शिरायचं कसं? मी इंदिरानगरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. भाऊजी नाशिक रोडला नोकरी करतात, पण त्यांचं खरं शिक्षण व्हिडिओ बघून झालंय.

"वहिनी, माझी पद्धत सगळ्यात सोपी," भाऊजी म्हणाले. "एक ठरावीक गेम असतो. त्यात आपण तयार केलेली सेव्ह फाइल टाकायची. ती उघडताना गेम अडखळतो आणि आत जायला वाट मिळते."

"आणि तो ठरावीक गेम कशावर असतो?"

"डिस्कवर," ते म्हणाले आणि मोबाइलवर दुसरा व्हिडिओ शोधू लागले.

मी हसले नाही, हे माझे उपकार. मग त्यांनी इंटरनेटवरून करायची दुसरी पद्धत काढली, पण तिला कन्सोलमध्ये ब्राउझर लागतो. आमच्या कन्सोलमध्ये तो नव्हता आणि ज्या दुकानातून घ्यायचा ते ऑनलाइन दुकान कधीच बंद झालेलं. उरली माझी, पत्राची. कन्सोलचा नंबर एका वेबसाइटवर टाकला की ती एक फाइल देते. ती मेमरी कार्डात ठेवायची. मग कन्सोलच्या निरोपांच्या पेटीत एक पत्र दिसतं, ते उघडलं की काम झालं.

रविवारी दुपारी बसलो. कार्ड घातलं, पेटी उघडली. पत्र नाही. पुन्हा सगळं केलं. नाही ते नाहीच.

"बघा तुमची पद्धत!" भाऊजींना फारच आनंद झाला. माझं डोकं फिरलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. कन्सोल कितीतरी वर्षं मागे गेला होता. पत्रं तारखेनुसार दिसतात, मग आमचं कुठून दिसणार?

"ह्याची पिन कुणी काढली होती?" मी विचारलं. आतला सेल मेलेला, म्हणजे लाईट तोडली की घड्याळ गेलंच.

"म्या," आई पलंगावरून म्हणाल्या. "खंडेनवमीला. पूजा केल्यावर अवजाराला इसावा द्यायचा असतो ना."

तारीख नीट केली आणि पत्र आलं. भाऊजींना लगेच पुढचं सगळं भरायची घाई. मी म्हटलं, आधी आतल्या मेमरीची पूर्ण कॉपी काढायची, आणि सगळं काम इन्व्हर्टर लावून करायचं. कन्सोलमध्ये काही लिहिलं जात असताना लाईट गेली तर हा कायमचा मरेल.

"किती वेळ लागेल, वहिनी!"

"लागू दे. मला आईंचा हात हवाय, तुमची घाई नकोय."

कॉपी निघाली, बाकीचं भरलं, पेनड्राइव्ह लावला. टीव्हीवर बॉलिंगची गल्ली दिसली तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. आईंच्या मनगटाला दोरी बांधली. पहिला चेंडू गल्लीच्या कडेच्या नाल्यात गेला. दुसऱ्याला हात कण्हत कण्हत का होईना, वर गेला. "आगं बया, खांदा लय दुखतो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फिरवला. त्या थकल्या तेव्हाच थांबलो.

"आता डिस्क लागणारच नाही, तर बघू तरी काय झालं होतं," म्हणत भाऊजींनी कन्सोल उघडला. पेपरवर तांदळाचे दाणे पडले. कुंकू लावलेले. मागून झेंडूची वाळकी पाकळी.

आम्ही दोघांनी आईंकडे पाहिलं.

"ट्रॅक्टरला अक्षता वाहिल्या, फवारणीच्या पंपाला वाहिल्या, मग ह्याला वगळायचं व्हय?" आईंचा आवाज बारीक झाला. "ह्यानंच तर हात उचलाया लावला. ते डिस्क घालायचं तोंड वर करून पाटावर ठिवला आन् अक्षता वाहिल्या. मंग बंद पडला. माझ्या हातनं मेला म्हून कुणाला बोलले नाय. दुसरा खेळ खेळायचं मनच होईना."

मी चिडून तोंड उघडलंच होतं. मग दाण्यांकडे पाहिलं आणि शब्द बदलले.

"आई, कुठल्या हातानं वाहिल्या?"

"कुठल्या म्हंजी? उजव्याच. डाव्या हातानं देवाचं करत्यात का कधी? पण नेम धरवंना, निम्म्या त्या फटीत सांडल्या."

भाऊजींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. मी पेपर उचलून आईंच्या मांडीवर ठेवला. "उचला बरं एक."

मला वेड लागल्यासारखं बघत त्या वाकल्या. अंगठा थरथरला, बोट त्याच्याजवळ सरकलं. एकदा दाणा निसटला. दुसऱ्यांदा लाल अक्षत चिमटीत आली.

"उचलली. आता कुठं टाकू?"

मी तळहात पुढे केला. अक्षत त्यावर पडली आणि मी भाऊजींच्या देखत मोठ्यानं रडले.