पाच गिअर आणि एक खांदा

आयुबनं आमच्या ॲम्बॅसॅडरचं इंजिन चेनला टांगून बाहेर काढलं, तेव्हा मी तोंड फिरवलं. दवाखान्यात सुई टोचतानाही मी असंच करतो. इंजिन चौऱ्याहत्तर सालचं, म्हणजे माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. पण चढ आला की दोघांची गत सारखीच.

गेल्या महिन्यात येडशीच्या चढावर त्यानं रेडिएटरमधून वाफ सोडली आणि भर रस्त्यात बैठक मारली. मी आणि माझी बायको सिताबाई, आम्ही ट्रॅक्टरला दोर बांधून परत आलो. ही बातमी पुण्याला आमच्या मुलाला, शिवराजला, आम्ही आमच्या गावी, ईटला पोचण्याआधीच कळली. गावात फोन सगळ्यांकडं आहेत आणि काम थोड्यांकडं.

"अप्पा, गाडी विका," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणालो. आमच्या घरात बरं म्हणजे नाही.

शेवटी तह झाला. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलायचे. ह्याच गाडीच्या शेवटच्या काळातल्या मॉडेलचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स येरमाळ्याच्या आयुबनं कुठूनतरी मिळवला होता. आरटीओची परवानगी शिवराज काढणार. आणि त्याची एक अट.

"मी येणार, शेजारी बसणार, तुमी चालवायची. मला पटलं तर किल्ली तुमच्याकडं. न्हाय पटलं तर किल्ली माझ्याकडं, आन तुमी दोघं पुण्याला."

पुण्याला म्हणजे अकराव्या मजल्यावर. पोराचंही चुकत नव्हतं. ईटमध्ये गाडीशिवाय आमचं भागणार नव्हतं. एसटी येते, पण आमच्या गुडघ्यांच्या सोयीनं येत नाही.

अट सोपी होती. अडचण एवढीच की गेली तीन वर्षं गाडी मी एकटा चालवत नव्हतो.

माझा डावा खांदा आखडलेला आहे. हात पोटाच्या वर उचलला की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. आणि गाडीचा जुना गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, छातीच्या उंचीवर. पुढची सीट सलग, बाकासारखी. त्यामुळं सिताबाई मधोमध, मला खेटून बसायची. मी क्लच दाबून "हं" म्हणायचो, ती गिअर टाकायची. पुढं पुढं "हं"चीही गरज उरली नाही. इंजिन कधी कावलंय हे तिला माझ्याआधी कळायचं. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर कान तयार होतात. गावाला मात्र वाटायचं की सत्तरीतही ह्यांचं प्रेम उतू चाललंय. आम्ही तसं वाटू दिलं. शिवराजलाही यातलं काही माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी आयुबचा फोन आला.

"अप्पा, इंजिन बसलं. फाउंडेशन नवं केलं, शाफ्ट तासून आणला. गिअरसाठी फ्लोअरला भोक पाडलंय."

"फ्लोअरला कशाला?"

"ह्यो बॉक्स खालूनच चालतोय की वो."

"वर स्टिअरिंगला घेता येत नाही का?"

"घेतो की. सळयांचं जाळं करावं लागंल. मंग तुमी चौथा टाकला की बॅक पडंल. चालंल?"

मी फोन ठेवला. ज्या जागी सिताबाई बसायची, बरोबर त्या जागी आता लोखंडी दांडा उभा होता. पुढचे चार दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

सिताबाई मात्र घाबरली नाही. तिनं अंगणात राखेनं पाच गिअरची घरं आखली आणि कालथा उभा धरून सराव सुरू केला. नंतर आयुबच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत आम्ही खरी गाडी काढली. ती डाव्या खिडकीशी अर्धी वळून बसली आणि उजव्या हातानं दांडा धरला. मी क्लच दाबला, तिनं पहिला टाकला.

आयुब हातातला चहा तसाच धरून उभा राहिला.

"या अल्ला! एका गाडीला दोन डायवर?"

"तीन वर्सं झाली," सिताबाई म्हणाली. "कुणाला बोललास तर बघ."

"काकू, उद्या काय झालं तर नाव माझं निघंल हो. लोक म्हणतील आयुबनं इंजिन बसवलं आन म्हातारा-म्हातारी उलथवली. जरा अप्पांला दांड्याला हात लावू द्या की…"

"तू पाना धर. मला बॅक कुठंय ते सांग."

तिसऱ्या दिवशी तिचा हात बसला. चौथ्यातून पाचवा पडला की तिचा चेहरा लग्नातल्यापेक्षा जास्त खुलायचा. मी लग्नाला हजर होतो, म्हणून सांगतो. माझा हात मात्र नेहमीसारखा मांडीवर पडलेला असायचा, पाव्हण्यासारखा.

रविवारी सकाळी दहाला शिवराज थेट गॅरेजवर आला. त्याच्या स्वतःच्या गाडीला गिअर टाकावेच लागत नाहीत, त्यामुळं तो गिअरबद्दल फार अधिकारानं बोलतो. त्यानं नवं इंजिन पाहिलं, दोन फोटो काढले आणि पुढच्या सीटवर डावीकडं बसला.

आम्ही सगळी तयारी केली होती. शेजारी बसणार म्हणजे तो तिच्या जागेवर बसणार, एवढंच आमच्या लक्षात आलं नव्हतं.

"आई, तू मागं बस."

"मला मागं मळमळतं."

"मग हितंच थांब. आयुबभाई चहा पाजतील."

सिताबाई चटकन मागं जाऊन बसली. आरशात मला तिचे डोळे दिसले. आयुब फडकं घेऊन खिडकीतून आत वाकला आणि गिअरची मूठ पुसायला लागला.

"अप्पा, क्लच दाबून बघा बरं. हां."

पुसता पुसता त्यानं पहिला टाकला, आणि नमाजाला उशीर झाल्यासारखा घाईनं बाजूला झाला.

आम्ही हायवेला लागलो. पहिल्या गिअरमध्ये. नवं इंजिन आधी गुणगुणलं, मग ओरडायला लागलं. मागून ट्रकचा हॉर्न आला.

"अप्पा, दुसरा टाका."

"टाकतो की. इंजिन जरा तापू दे."

"त्याचं आता पाणी उकळायचं राहिलंय फक्त."

सिताबाई मागून पुढं झुकली. "शिवराज, तूच टाकून बघ ना बाबा. लई मऊ पडतोय."

"आई, मी परीक्षा घ्यायला आलोय का द्यायला?"

सीट सलग असल्यामुळं मधून हात घालायला फट नव्हती. तिनं वरून हात टाकून पाहिला. तो माझ्या कॉलरपर्यंत आला. बाहेरून बघणाऱ्याला ती माझा गळा धरतेय असंच वाटलं असतं. त्या क्षणी ते फार चूकही नव्हतं.

ट्रक हॉर्न दाबून धरत बाजूनं पुढं गेला. क्लीनरनं खिडकीतून डोकं काढून माझ्या वयाचा उल्लेख केला. शिवराजचा चेहरा उतरला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं; पण तो माझ्याकडं बघत होता, आजारी माणसाकडं बघतात तसा.

"अप्पा, गाडी बाजूला घ्या," तो हळू म्हणाला. "द्या किल्ली."

त्यानं हात पुढं केला. माझ्यापुढं अकरावा मजला उभा राहिला, लिफ्टसकट. घाबरून मी क्लच दाबला आणि सवयीनं "हं" म्हणालो. कुणीच काही टाकलं नाही. गाडीला हिसका बसला, मांडीवरचा हात घसरला आणि मुठीवर जाऊन पडला.

मूठ गुडघ्याशेजारी होती. हात वर न्यावा लागलाच नव्हता.

मी मागं ओढलं. दुसरा पडला.

तीन वर्षं हात वर जात नव्हता, म्हणून मी त्याला कुठंच जाऊ दिलं नव्हतं. आणि आम्ही दोघं शहाणे चार दिवस ह्यासाठी झुरत होतो की गिअर खाली गेला. तो माझ्या हाताच्या टप्प्यात आलाय, हे दोघांत एकालाही सुचलं नाही. आयुबला सुचत होतं; त्याला पाना धरायला लावलं.

तिसरा पुढं ढकलताना खांद्यात कळ आली, पण काजवे चमकले नाहीत. चौथा. येडशीच्या चढावर गाडी अशी गेली, जणू इथं तिला कधी काही झालंच नव्हतं. उतारानंतर पाचवा. शिवराजनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

"इंजिन झकास हाय, अप्पा. उगं भ्या दाखवलं तुमी."

मी आरशात पाहिलं. दुसऱ्या गिअरला सिताबाईनं येडेश्वरीला हात जोडले होते. चौथ्याला ती खिडकीबाहेर बघायला लागली. पाचव्याला म्हणाली, "सावकाश."

शिवराज चहा पिऊन गेला. किल्ली माझ्याकडंच राहिली. आयुबनं माझा डावा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

"अप्पा, हात चालला की वो!"

"व्हय, चालला," सिताबाई म्हणाली आणि पिशवी उचलून पुढं बसली. खिडकीशी, सरळ तोंड करून, दोन्ही हात पिशवीवर.

ईटच्या रस्त्याला मी पहिला टाकला, दुसरा टाकला आणि थांबलो.

"अगं, खांद्यात चमक आली."

"सकाळी नव्हती ती?"

"आता आली."

तिनं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढं खोटं बोलण्यात अर्थ नसतो, पण बोलावं लागतं. मी हात मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडं बघत राहिलो. इंजिन तक्रार करायला लागलं. तिनं कान दिला.

"पैला-दुसरा तुमी घ्या," शेवटी ती म्हणाली आणि पिशवी पायाशी ठेवली. "चौथा-पाचवा माझा. बॅक आयुबला विचारून ठरवू."

"आणि तिसरा?"

"तिसरा बी माझाच."

"तिसरा कसा तुझा? निम्मा रस्ता तिसऱ्यातच जातो."

"म्हणूनच मागतेय न्हवं का?"

मी "नाही" म्हणालो, ती "का?" म्हणाली, मी कारणं दिली, ती खोडत गेली. तोवर गाडी दुसऱ्यातच चालली होती. मागं दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो आणि एक एसटी लागली होती, आणि आमचा तिसरा अजून कुणाचाच ठरला नव्हता.