किल्ली आईच्या गळ्यात असायची

“कागद, कागद आणि कागद! माझं सूप गार झालं तरी हिचं ते पाकीट मिटत नाही,” इटलीतल्या बारी शहरातल्या म्हाताऱ्या सिन्योरा फिलोमेना पलंगावरून कुरकुरल्या.

मित्रांनो, ते पाकीट म्हणजे मीच. मी एक जुने, निळ्या रेक्झिनचे पाकीट आहे; सिन्योरांची सेवा करणाऱ्या त्सिउरीचे.

माझा जन्म जॉर्जियातल्या एका खेड्यात झाला. भंगारात निघालेल्या बसच्या सीटचे कव्हर कापून नाझी नावाच्या आजींनी मला शिवले. त्यांची थोरली लेक त्सिउरी परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला इटलीला निघाली होती. आजींनी मला तिच्या पोटाशी बांधले. तिचा जन्मदाखला मात्र मला दिला नाही. तो खणात कुलूपबंद केला आणि किल्ली नेहमीसारखी गळ्यात घातली. आंघोळीलासुद्धा त्या ती उतरवत नसत.

“ही मी मेल्यावरच काढा,” आजी म्हणाल्या. “दाखला हवा तर तू स्वतः ये मागायला.”

सात वर्षे मी अर्ज, शिक्के, बोटांच्या ठशांच्या तारखा पोटात सांभाळल्या. “बाई, तुमचं पाकीट म्हणजे शिस्त!” असे एक कारकून एकदा म्हणाला. माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच. पुढे माझी शिवण उसवली, तेव्हा त्सिउरीने जखमेवरची चिकटपट्टी लावून भागवले.

वास्तव्याच्या कार्डाचा अर्ज चालू असताना इटली सोडली तर परत येणे कठीण, असे बारीतल्या बागेत जमणाऱ्या तिच्या गावाकडच्या बायका सांगत. म्हणून ती गेलीच नाही. “कार्ड आलं की थेट तुझ्या चुलीपाशी, आई,” असे फोनवर म्हणायची.

गेल्या पानगळीपासून मात्र फोन धाकटी बहीण लमाराच उचलायची. “आई झोपलीय, ताई.”

“तुझी आई माझ्याहून आळशी दिसते!” सिन्योरा टोमणा मारायच्या. त्सिउरी हसायची. पण मला मिटताना तिचा हात क्षणभर थांबायचा.

या वसंतात कायमच्या वास्तव्याचे कार्ड आले. तिने त्याचा मुका घेतला. तिकीट काढायला गेली, तर पासपोर्टची मुदत संपलेली! कार्डाच्या नादात त्याच्याकडे बघितलेच नव्हते. वकिलातीतून सांगितले, मूळ जन्मदाखला आणा.

रविवारी गावाकडून पुडकी आणणाऱ्या गाडीतून लमाराने तो पाठवला. सूप गार झाले ते त्याच दिवशी. पुडक्यात चीज होते, अक्रोड होते आणि दाखला होता. त्सिउरीने लगेच फोन लावला.

“मिळाला गं! आईला सांग, महिन्याभरात येते.” दाखला माझ्यात सरकवता सरकवता ती थबकली. “लमारा, खण कुणी उघडला?”

“मीच.”

“आईने किल्ली दिली?”

“ताई, तू आधी खाली बस.”

“कुलूप तोडलंस का? तोडलं म्हण. मी नाही रागावणार.”

“नाही तोडलं, ताई.”

सिन्योरांनी कुरकुर थांबवून चमचा खाली ठेवला.

मित्रांनो, कागद जपा, त्यांच्या मुदती बघत जा. पण माझ्यासारख्या पाकिटात माणूस राखून ठेवता येत नाही. दूरचे कुणी सारखे झोपलेलेच असेल, तर एकदा उठवायला सांगा. त्सिउरीने कधी सांगितले नाही. मलाही तोंड नव्हते.

“कार्ड टाकून धावत येशील म्हणून तिनेच शपथ घातली होती,” लमारा रडू लागली. “आई गेली, ताई. पानगळीत, द्राक्षांच्या तोडणीतच गेली.”