तुमच्याकडे, माझ्याकडे

मास्तरांनी गाडीच्या समोरच्या काचेला चिकटवलेली डबी पुन्हा निसटली आणि त्यांच्या मांडीवर येऊन पडली.

"बघा," ते म्हणाले. "धरतच नाही. काचेलाच ही नकोय."

जावई खिडकीबाहेर उभा होता. त्याने हात आत घालून डबी उचलली, तिच्या मागच्या रबरी वाटीवर तोंडाची वाफ सोडली, वाटी काचेला टेकवून तळव्याने दाबली आणि हात काढून घेतला. डबी जागची हलली नाही. तिचा तळहाताएवढा पडदा उजळला आणि त्यावर घरासमोरचा रस्ता दिसू लागला. रस्त्याच्या कडेला एक निळा बाण होता. बाण म्हणजे मास्तर, त्यांच्या बाई आणि त्या दोघांनी नुकतंच घेतलेलं, दुसऱ्याने वापरून सोडलेलं फिरतं घर, म्हणजे आत ओटा आणि पलंग असलेली मोठी गाडी.

"दाबावं लागतं, बाबा," जावई म्हणाला.

दाबावं लागतं हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. उभी हयात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून काढली. अर्ध्या गावाला त्यांनी डावं-उजवं शिकवलं, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, घरात ते कधी जमलं नाही. बाई काही कमी हुशार नव्हत्या. बँकेत त्या नोटा मोजायला बसत, आणि त्यांचा हिशेब चुकलेला कोणी पाहिला नव्हता. पण घाईत डावं म्हणायला गेल्या की तोंडातून उजवं निघे. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत त्यांनी "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत नवऱ्याला थेट एका लाकडाच्या वखारीत नेऊन घातलं होतं. वखारवाल्याने दोघांना पाणी दिलं आणि किती लाकूड हवंय असं विचारलं. त्या दिवसापासून त्यांच्या गाडीत डावं-उजवं बंद झालं. नकाशा मांडीवर पसरून बाई एवढंच म्हणत, "माझ्याकडे" किंवा "तुमच्याकडे." यात मात्र त्या कधीच चुकल्या नाहीत.

तो कागदी नकाशा घड्यांवर फाटला, चिकटपट्ट्या लावून जोडला, पुन्हा फाटला. आता त्यातले निम्मे रस्ते बदलले होते. फोन डोंगरात गेला की मान टाकतो, म्हणून जावयाने दोन गोष्टी आणून समोर ठेवल्या होत्या. एक त्याचा जुना लॅपटॉप, आत सगळे नकाशे भरलेला. दुसरी ही डबी, रस्ता दाखवणारी आणि वर बोलणारी. दोन्हींपैकी एक ठेवायची, दुसरी परत करायची.

"डबीच ठेवा," जावई म्हणाला. "ती वळण यायच्या आधीच सांगते. लॅपटॉप कोणीतरी मांडीवर धरून बसायला लागतं. चालवणाऱ्याने त्यात बघायचं नसतं."

"ही आहे ना धरायला."

"म्हणून तर म्हणतोय, बाबा. आईंना आता जरा आराम."

आराम हा शब्द मास्तरांना शिवीसारखा लागत असे. स्कूलमध्ये पडद्यावर गाडी चालवायला शिकवणारं यंत्र आलं, त्या आठवड्यात मालकांनी त्यांना जवळ बसवून, चहा मागवून, फार प्रेमाने हाच शब्द वापरला होता. दुसऱ्या दिवशी मास्तर सवयीने आवरून दारापर्यंत गेले होते आणि चपला काढून परत आत आले होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी पाहिलं होतं, पण त्याही काही बोलल्या नव्हत्या.

आणि आता त्यांच्याच हाताने त्यांनी बाईंना आराम द्यायचा? ती पुढची सीट, तो नकाशा, अंबाड्यातला आकडा काढून नकाशातल्या रस्त्यावरून फिरवायची ती पद्धत, हे सगळं एका डबीला देऊन टाकायचं?

"पडदा लहान आहे हिचा," ते म्हणाले. "आणि आवाज कसा आहे बघ, पोस्टातल्या बाईसारखा. लॅपटॉप बरा."

"नाकापेक्षा मोती जड होईल तो," जावई म्हणाला. "आई, तुम्हीच सांगा."

बाई मागे, छोट्या ओट्याशी उभ्या राहून कप पुसत होत्या. पुसलेला कप त्यांनी कपाटात ठेवला आणि दार नीट लागलंय ना ते दोनदा पाहिलं.

"मला काय, काहीही चालेल."

इतकी वर्षं संसार केल्यावर मास्तरांना 'काहीही चालेल' याचा अर्थ कळायला शब्दकोश लागत नव्हता. बाई दुखावल्या होत्या, आणि बोलणार नव्हत्या.

शेवटी जावयानेच तोड काढली. दोन्ही घेऊन जा, जाताना लॅपटॉप लावा, येताना डबी. संध्याकाळी काय ते सांगा. मास्तरांनी डबी काचेवरून लगेच काढली आणि कप्प्यात टाकून कप्पा बंद केला.

जुन्या घाटाच्या रस्त्याने जायचं हे न बोलताच ठरलं. छोट्या गाडीत लेकीला मागे झोपवून त्यांच्या सगळ्या सहली याच रस्त्याने सुरू व्हायच्या. घाट संपला की तळं लागे, आणि तळ्यानंतर लगेच पाच रस्ते फुटत. दर सुट्टीत नवीन रस्ता धरायचा, असा त्यांचा नेम होता.

फिरतं घर चढाला लागलं तशी मागची भांडी बोलायला लागली. बाईंच्या मांडीवर लॅपटॉप होता, त्याखाली चटके बसू नयेत म्हणून उशी होती, आणि त्याची वायर गिअरवरून ओलांडून डॅशबोर्डात गेली होती. दर वेळी गिअर बदलताना मास्तर वायर बाजूला करत आणि म्हणत, "काही त्रास नाही." ऊन समोरून आलं आणि पडद्यावर बाईंना स्वतःचाच चेहरा दिसायला लागला. तेव्हा त्यांनी मागचा टॉवेल ओढला, डोक्यावरून घेतला आणि लॅपटॉपसकट त्याच्या आत शिरल्या. सर्दी झाल्यावर वाफ घेतात, तशा.

"दिसतंय का?"

"दिसतंय," टॉवेलच्या आतून आवाज आला. "सरळच आहे अजून."

मास्तर खूष होते. तीच बाई, तीच सीट, तोच घाट. भांडी वाजत होती आणि ते अगदी हलक्या आवाजात शीळ घालत होते. शेवटचं वळण ओलांडलं आणि रस्ता एकदम सपाट झाला. बाईंच्या खिडकीबाहेर झाडी विरळ होत गेली आणि तिच्यामागून पाणी चमकलं. मास्तरांनी नेहमीसारखाच वेग कमी केला.

"आलं बघ," ते म्हणाले.

"काय आलं?"

"काय म्हणजे? तळं."

टॉवेल हलला. "हो का? इथे निळं काहीतरी दिसतंय खरं. पण त्यात नाव लिहिलेलं नाही."

मागून ट्रकने हॉर्न दिला. रस्ता अरुंद, फिरत्या घराचं बूड मोठं, थांबायला जागा नाही. मास्तरांनी वेग वाढवला. बाईंनी टॉवेल बाजूला करून लॅपटॉप सावरत खिडकीबाहेर पाहिलं, तोवर शेवटचं पाणी एका शेताच्या बांधाआड गेलं होतं. त्या काचेला नाक लावून मागे बघत राहिल्या.

"गेलं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा टॉवेल डोक्यावर घेत म्हणाल्या, "असू दे. आता पाच फाटे येतील. मी बघते."

मास्तरांची शीळ थांबली होती.

पाच फाट्यांपाशी मोकळी जागा होती. तिथे त्यांनी गाडी उभी केली. बाईंनी मागे जाऊन चहा ठेवला. मास्तर छोट्या टेबलाशी बसून राहिले. कपाटाचं दार चढावर उघडलं होतं आणि एक कप गाद्यांवर जाऊन पडला होता. तो त्यांनी उचलून आणला आणि हातातच धरून ठेवला.

"ते तळं," ते म्हणाले, "तू याआधी पाहिलंयस ना?"

बाईंनी गॅस बारीक केला.

"पाहिलंय की. पाण्याचा एक तुकडा. आजच्यासारखाच."

"अगं, पण दर वेळी मी तुला दाखवायचो."

"दाखवायचात. आणि त्याच दमात विचारायचात, पुढचा फाटा कुठला?" बाई हसल्या. "तळं आलं की मला धडकी भरायची. म्हणजे आता फाटे येणार. नकाशातून मान वर काढली तर आकडा कुठे होता ते विसरायचे मी."

"येताना?"

"येताना अंधार असायचा."

मास्तरांनी कप टेबलावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र होतं, जे त्यांनी इतकी वर्षं जपलं होतं. खिडकीत पसरलेलं पाणी, पाण्याच्या मधोमध वाळकं झाड, त्यावर पांढरे पक्षी. आणि या सगळ्याच्या पुढे बाईंची खाली घातलेली मान, आकडा काढल्यामुळे गालावर आलेली एक बट. त्यांना ती मान फार आवडायची. ती खाली आहे म्हणजे बाईंना पाणी दिसत नाही, हे गाडी शिकवणाऱ्या माणसाला एकदाही सुचलं नव्हतं. आरसे बघा, मागे बघा, बाजूला बघा, असं जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं, आणि स्वतःच्या शेजारच्या सीटवर काय चाललंय ते पाहिलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पण तू तर सगळ्यांना सांगायचीस," ते म्हणाले. "ते झाड, ते पक्षी."

"तुम्ही सांगायचात. मी मान डोलवायचे." बाईंनी चहा गाळला. "इतक्या हौसेने सांगायचात. म्हटलं, कशाला मोडता घाला." मग कप पुढे करत त्यांनी विचारलं, "खरंच आहे का हो ते झाड?"

"आहे म्हणजे काय!"

"नाही, विचारलं आपलं."

"एकदा तरी म्हणायचंस, थांबा म्हणून."

"म्हटलं होतं. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी. मी बाहेर बघत राहिले आणि फाटा चुकला. तुम्ही परत येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत."

मास्तरांना ती सहल आठवत होती. गप्प बसल्याचं आठवत होतं. कशामुळे, ते मात्र ते कधीच विसरून गेले होते.

"मग सकाळी 'काहीही चालेल' का म्हणालीस? डबी हवी म्हणायचं."

"तुम्ही लॅपटॉप धरून बसला होतात. म्हटलं, असेल हौस."

"मला वाटलं, डबी आली की तुझं काम जाईल. तुला वाईट वाटेल."

बाई इतक्या हसल्या की त्यांना कप खाली ठेवावा लागला.

"सुंठीवाचून खोकला गेला असता हो! काम कसलं, परीक्षा होती ती. दर सुट्टीत." पदराने डोळे पुसता पुसता त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू विरलं. चपला काढून दारातून परत आलेला माणूस त्यांना आठवला असावा. त्यांनी मास्तरांच्या मनगटावर हात ठेवला. "तुमचं गेलं ते वेगळं होतं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चहा एका घोटात संपवला आणि उठले. पुढे जाऊन त्यांनी लॅपटॉपची वायर काढली, गुंडाळली, लॅपटॉप मागच्या पलंगावर उशीखाली ठेवला. कप्प्यातून डबी काढली. रबरी वाटीवर तोंडाची वाफ सोडली, वाटी काचेला टेकवली आणि तळव्याचा जोर लावून दाबली. मग सोडून पाहिलं. मग आणखी एकदा दाबली.

"आणखी पुढे नाही जायचं?" बाईंनी विचारलं.

"आधी परत फिरू. पुढचं नंतर बघू."

गाडी वळली तशी डबी बोलू लागली. सरळ जा म्हणाली, मास्तर सरळ गेले. पुढे उजवीकडे म्हणाली, तेव्हा मास्तर पुटपुटले, "म्हणजे माझ्याकडे." बाईंच्या मांडीवर काहीच नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी हात कुठे ठेवावे ते न कळून पर्स घेतली, मग पर्सही खाली ठेवली. त्या खिडकीतून एकेक गोष्ट बघत होत्या. विटांचा ढीग, वाळत घातलेली चादर, सायकलवरून कोंबडी घेऊन चाललेला माणूस. मास्तरांना त्यांची मान नव्हे, अंबाड्याची मागची बाजू तेवढी दिसत होती. अंबाड्यात आकडा जागच्या जागी होता. जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं त्यांना, खोटं कशाला बोला.

"तुमच्याकडे," बाई अचानक म्हणाल्या.

मास्तरांचा हात सवयीने इंडिकेटरवर गेला. टिक-टिक सुरू झाली. वळायला रस्ताच नव्हता, आणि डबीही काही म्हणत नव्हती.

"वळायचं नाहीये हो," बाई म्हणाल्या. "बघायचंय."

मास्तरांनी इंडिकेटर बंद केला आणि वेग कमी केला. बाई त्यांच्या बाजूला झुकल्या होत्या. मास्तरांनी पाठ सीटला टेकवली आणि हनुवटी आत घेऊन मान मागे नेली, आड येऊ नये म्हणून. त्यांनी नजर समोरच्या रस्त्यावर ठेवली.

"झाड आहे का गं?"

"आहे," बाई म्हणाल्या. "वाकलंय जरा."

मागून ट्रकने हॉर्न दिला. मास्तरांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जायची खूण केली.