पंधरा किलो

अतुल आठ दिवसांपासून माझ्याशी लई चांगला वागतोय, आणि माझी तक्रार तीच आहे.

हा माझा थोरला लेक. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. शिफ्टवरनं आला की बूट दारात, डबा ओट्यावर आणि तोंड मोबाइलात. चाळीस वर्षांत त्यानं मला "माय, पाय दुखतात का" असं विचारल्याचं आठवत नाय, आणि मीबी कधी वाट बघितली नाय. आमच्या घरात माया भांडणातनं कळायची. आणि आता बघावं तर सकाळी उठल्या उठल्या कपबशी घेऊन माझ्या बाजेपाशी उभा. मी म्हणलं, चहात साखर जास्त आहे. म्हणला, व्हय माय, चुकलं. मी मुद्दाम त्याच्या सासऱ्याच्या नव्या बंगल्याला नावं ठेवली, म्हणलं, संडासासारख्या फरशा बसवल्यात. एरवी तासभर भांडला असता. मान हलवून आत गेला. तिथं मला संशय आला.

जर्मनीला जायचं माझं आधीच ठरलं होतं. धाकटी विशाखा तिथं असते. ती आणि जावई सत्यम, दोघंबी इंजिनियर. लग्नाला नऊ वर्षं झाली तवा कुठं तिला दिवस गेले. बाळंतपण करायला मी जायचं, म्हणून व्हिसा झाला, पुढच्या महिन्याचं साधं तिकीट झालं. सहा महिने मी तयारी केली. जुन्या मऊ लुगड्यांची सहा दुपटी शिवली, एक बारकी गोधडी शिवली, झबली, टोपरी, वेखंडाची कांडी. आणि विशाखासाठी तीन किलो डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा, सुंठ, पोट बांधायला नऊवारीचा लांब तुकडा.

या सोमवारी अतुल म्हणला, तिकीट बदललंय. या गुरुवारीच निघायचं, आणि बिझनेस क्लासनं.

मी विचारलं, हे काय असतं. म्हणला, सीटची गादी होते, आडवं निजता येतं, रांग वेगळी, काचेच्या ताटलीत जेवण. मी म्हणलं, साध्या तिकिटाला काय झालं? म्हणला, जागा भरल्या. मी म्हणलं, पुढच्या महिन्यात माझी जागा होती, ती कोणी खाल्ली? तर म्हणला, सत्यमला तुझ्या पायांची काळजी आहे.

शेजारच्या आशाबाईनं गल्लीभर केलं. कडूबाई बिझनेसमधी चालली, पुढाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. मला म्हणली, चिकलठाण्याच्या विमानतळामागं कापूस वेचत होतीस, विमान आलं की खाली बसायचीस, आता त्याच विमानात पाय पसरून जा. मी म्हणलं, जाईन की, तुझ्या डोक्यावरनं जाईन. ती हसली, मीबी हसले. पण मनात एकच होतं. ज्या सत्यमनं लग्नात फोटोवाल्याचा भाव दोनदा पाडला, त्याला एकाएकी माझ्या पायांचा पुळका काहून आला?

आणि विशाखाचा चेहरा दिसेना. आधी रोज संध्याकाळी ती व्हिडिओवर यायची, पोटावर फोन फिरवायची, म्हणायची, बघ माय, तुझी नात लाथा मारती. तिथं पोरगी का पोरगा ते आधी सांगतात. आता म्हणे तिच्या फोनचा कॅमेरा बिघडला. नुसता आवाज. तोबी दोन वाक्यं. बरी आहे, जेवले, ठेवते. मी एकदा विचारलं, पोर लाथा मारतं का गं? पलीकडं तिनं फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मंग सत्यमचा आवाज आला, आई, रेंज जातेय.

मी तिसरी शिकलेली बाई. पण आवाजातली रेंज मला कळती.

मंगळवारी अतुलनं रजा टाकली आणि माझी तालीम घेतली. बैठकीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या. ही इथली सीट, ही मुंबईची, म्हणला. इथनं मुंबईपर्यंत बारकं विमान, त्याचं तिकीट त्यानं वेगळं काढलेलं. मोठं तिकीट सत्यमनं तिकडनं काढलं. दोन्ही तिकिटांची एकमेकाशी ओळख नाय, म्हणून बॅग मुंबईत उतरवून घ्यायची, दुसऱ्या इमारतीत जायचं, तिथं परत द्यायची. चाकाची खुर्ची सांगून ठेवलीय, खुर्ची ढकलणारा माणूस सगळं करील. तू नुसता हा कागद दाखव. कागदावर ठळक अक्षरांत मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं, मला फ्रँकफर्टच्या विमानात बसवा.

मी म्हणलं, हरवलेल्या म्हशीच्या गळ्यात अडकवतात तसं अडकवतोस का मला? आमची सून करुणा ओट्यापाशी होती. एरवी माझ्या असल्या बोलण्याला तीच पहिली फिसकन हसती. त्या दिवशी तिनं नाक पुसलं. म्हणली, कांदा आहे, आत्याबाई. मी पाटीकडं बघितलं. पाटीत गवार होती.

बुधवारी वजनाचा घोळ झाला. गल्लीतल्या कचरू भंगारवाल्याचा आकड्याचा काटा अतुलनं मागून आणला. बॅग अडकवली, तर बावीस किलो. जर्मनीच्या विमानात दोन बॅगा चालतात, बत्तीस बत्तीस किलोच्या. पण इथल्या बारक्या विमानात पंधराच. हे त्याला त्या दिवशी दुपारी कळलं. मी म्हणलं, सुपरवायझर आहेस ना रे? त्यानं ऐकून घेतलं. म्हणला, माय, तू पड जरा, मी सात किलो कमी करतो.

मी पडले. झोप नव्हती. आतल्या खोलीत बॅगेची चेन उघडली. मंग कपाटाचं दार. मंग परत चेन.

चार वाजता तो काटा परत द्यायला आणि तसाच पुढं बाजाराला गेला. मी उठले आणि बॅग उचलून बघितली. तीस वर्षं मी लोकांच्या रानात कापूस वेचला. संध्याकाळी मालकाच्या काट्याआधी मी गाठोडं हातानं तोलून किलो सांगायची, आणि पावभर इकडंतिकडं झालं तर मालकाशी भांडायची. बॅग पंधराच होती. त्यात काही चूक नव्हती. पण उचलताना ती एका अंगाला झुकली. डावीकडं माझ्या लाडवांचा डबा होता, तिथं पोकळ लागलं.

चेन उघडली. माझी लुगडी होती. शेंगदाण्याची चटणी होती, पापड होते, ज्वारीचं पीठ होतं, सत्यमला आवडतं म्हणून लिंबाचं लोणचंबी होतं. दुपटी नव्हती. गोधडी नव्हती. झबली, टोपरी, वेखंड, काही नव्हतं. लाडू नव्हते. शोपा नव्हती. पोट बांधायचा तुकडा नव्हता.

मी तिथंच फरशीवर बसले. गुडघ्यांनी बसायचं सोडून वर्ष झालं, तरी बसले.

माणसाला सात किलो कमी करायचे असले तर तो आधी लोणचं काढतो. पीठ काढतो. पीठ काय जर्मनीत मिळत नाय? आणि आशाबाईचा भाचा साहेबराव विमानतळावर बॅगा चढवतो, त्यानं मला मागंच सांगितलं होतं, जास्त वजनाचे पैसे भरले की जाऊ देतात. माझा लेक सात किलोचे पैसे भरू शकत नव्हता असं नाय. त्याला ती बॅग तिकडं उघडायला नको होती. विशाखापुढं.

मी करुणाला हाक मारली. ती आली, उघडी बॅग बघितली, आणि दारातच थांबली. मी तिला काही विचारलं नाय. एवढंच म्हणलं, कधी?

ती खाली बसली आणि मंग तिनं सगळं सांगितलं. दहा दिवस झाले. आठवा महिना. एक दिवस पोरीनं लाथ मारली नाय, दुसऱ्या दिवशीबी नाय. दवाखान्यात नेलं तर ठोके नव्हते. कळा सुरू करून मोकळी केली. विशाखानं तिला हातात घेतलं, तिकडं घेऊ देतात. आता विशाखा घरी आहे, खात नाय, बोलत नाय, भिंतीकडं तोंड करून पडून असती. सत्यमनं अतुलला एवढंच सांगितलं की आईंना लवकरात लवकर पाठवा, आणि झोपून येतील असं पाठवा, इथं आल्यावर त्यांना उभं राहायचं आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हातारीला आधी सांगायचं नाय. एकटी जाणार, मुंबईत विमान बदलणार, रस्त्यात काही झालं तर काय करायचं. फ्रँकफर्टला उतरली की जावई सांगील.

करुणा रडत होती. मी तिला म्हणलं, पाणी घेऊन ये, माझ्यासाठी नाय, तू पी.

मंग मी तिच्या कपाटाचं दार उघडलं. साड्यांच्या मागं सगळं होतं. अतुलनं नुसतं कोंबलं नव्हतं. दुपटी घडीवर घडी, कडा जुळवून ठेवली होती. त्याला घडी घालता येती हे मला माहीत नव्हतं. मी दुपटी तिथंच राहू दिली. एक घेतलं, पिवळं, आणि माझ्या हातातल्या पिशवीत औषधांखाली ठेवलं. कशाला ते मला सांगता यायचं नाय.

लाडवांचा डबा मात्र मी मांडीवर घेऊन बसले.

आता लिहिते ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. पोर आलं-गेलं ते अतुलच्या बापाला माहीत होतं, पण पुढं माझ्या अंगावर काय बेतलं ते ह्यांनाबी नाय, आणि हे जाऊन सहा वर्षं झाली. अतुलच्या आधी मला एक झाला होता. करमाडला, सासरी. दीड दिवस जगला. नाव ठेवायला वेळ मिळाला नाय. माझं स्वतःचं नाव कडू ठेवलं होतं, कारण माझ्या आईची आधीची तीन गेली होती, कडू नावाचं पोर मरण तोंडात घेत नाय म्हणे. मी जगले. माझ्या पोराला नावच नव्हतं.

नवव्या दिवशी सासूनं माझ्या हातात खुरपं दिलं. पोर नाय तर बाळंतपण कसलं, म्हणली. लाडू केले होते, ते नणंदेच्या घरी गेले. कोणी पोट बांधलं नाय, कोणी अंग शेकलं नाय. मी खुरपत होते आणि चोळी भिजत होती. दुधाला कोणी सांगितलं नव्हतं की पोर गेलंय. ज्वारीच्या आडोशाला जाऊन मी ते मातीत पिळायची, आणि परत ओळीला लागायची. बाकीच्या बायांनी बघितलं, आणि बघितलं नाय असं केलं. ती कंबर अजून दुखती. डॉक्टर म्हणतो, वयानं झिजली. मी म्हणते, व्हय.

अतुल आला तवा संध्याकाळचे सहा वाजले होते. माझ्या मांडीवर डबा, बाजूला उघडी बॅग, करुणाचे डोळे सुजलेले. त्याला सांगायला काही उरलं नव्हतं. तो बुटासकट आत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. लहानपणी मार खायच्या आधी बसायचा तसाच.

"माय, मी सांगणार होतो," म्हणला.

"कधी? मी ढगात असताना?"

"तू खचली असतीस. एकटी कशी गेली असतीस?"

"मी जाणार आहे. उद्याच जाणार, एकटी जाणार, गादीवर निजून जाणार. तो कागदबी गळ्यात घालणार. माझी चिंता सोड. लोणचं काढ त्यातनं."

त्यानं काढलं. पीठ काढलं. चटणी काढली. पापडबी काढले. मी डबा त्याच्यापुढं सरकवला, त्यावर शोपेची पुडी ठेवली, त्यावर नऊवारीचा तुकडा. तो त्या तुकड्याकडं बघत राहिला. हे काय असतं तेच त्याला माहीत नव्हतं, बाळाचंच समजून काढलं होतं. मी त्याला सांगितलं ते काय असतं, आणि दूध कसं थांबत नाय तेबी सांगितलं, आणि करमाडचं सगळं सांगितलं, खुरप्यापर्यंत. त्यानं मान वर केली नाय. माझं बोलून झाल्यावर म्हणला, मला वाटलं, हे बघून तिला तरास होईल.

मी माझ्या लेकाला ओळखते. त्यानं मायेपोटी केलं. घडी कशी घातली होती ते मी बघितलंय. पण मायेपोटी केलं म्हणून मी गिळून टाकणारी बाई नाय, आणि उद्या मी गेल्यावर त्याला हे सांगणारं इथं कोणी उरणार नव्हतं. म्हणून करुणासमोरच बोलले.

"अतुल, बाळाचं काढलंस, त्याला मी नाव ठेवत नाय. पण लाडू काढलेस, शोपा काढलीस, तिचं पोट बांधायचं काढलंस. तुझ्या बहिणीनं आठ महिने पोर वागवलं, कळा दिल्या, तिच्या अंगावर दूध आलं, आणि तुझ्या लेखी ती बाळंत झालीच नाय. माझ्या सासूच्या लेखीबी मी झाले नव्हते. मी तुला शिकवलं, सायेब केलं, वाटलं हा तरी बापावर जाईल. तू त्या म्हातारीवर गेलास."